वीतभर वर

१

गालिचा जिथं झिजला होता, तिथं कुणाचा पाय पडणं शक्य नव्हतं.

भावना जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून बोटाने गालिच्याची लव उलटसुलट करून पाहत होती. उतरणारा पाय पायरीच्या कडेवर घासतो, म्हणून जिन्यावरचा गालिचा आधी कडेवर झिजतो. लव बसते, मग विरळ होते, मग एक दिवस खालचं विणकाम डोकावतं. इथं कडेवरची लव ताठ उभी होती, आणि झिजेचा फिकट पट्टा पायरीच्या आतल्या कोपऱ्यात, गालिचा दाबून धरणाऱ्या पितळी दांडीला खेटून पडला होता. तिथं मांजरसुद्धा पाऊल टेकवणार नाही.

तिने वरची पायरी पाहिली, खालची पाहिली. सगळीकडे तेच.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड गिरणीच्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी कापड घासण्यात गेली होती. यंत्रावर घासायचं, भिंगाखाली पाहायचं, किती टिकेल ते लिहून द्यायचं. आता ती उमरोळीला एकटी राहत होती; भावाच्या या घरी ती वहिनीच्या दिवसांसाठी आली होती. माणसं काय वाटेल ते सांगत. घासलेल्या कापडाने तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

खाली, जिन्याच्या पायथ्याशी, जमनावहिनीच्या फोटोपुढे समई तेवत होती. वहिनी जिथं सापडली त्या लादीवरून अजून कुणी सरळ चालत नव्हतं. घरातलं प्रत्येक माणूस नकळत वळसा घालून जात होतं. दहावं झालं होतं, तेरावं व्हायचं होतं.

"आत्या, तू तरी सांग बाबांना," केतन खालून म्हणाला. भावाचा हा एकुलता मुलगा पालघरला राहायचा. आई गेल्यापासून दाढी वाढली होती, आवाज चढला होता. त्याच्या हातात लिहिलेली तक्रार होती. "सही केली की आजच्या आज चौकीत देऊन येतो. त्या कमलेशने टाकाऊ माल गळ्यात मारला आणि लावलाही ढिसाळ. खालची दांडी सुटलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. आई त्याच्यामुळे घसरली."

एकनाथ, तिचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून समईकडे बघत होता.

"दादा?" भावनाने हाक मारली.

"बघू," तो म्हणाला.

हा त्याचा जुना शब्द. केतनने पालघरला मोठा फ्लॅट घेतला आणि म्हणाला, हे घर विका, दोघं आमच्याकडे या, तेव्हा वहिनीने तोंडावर "नाय" म्हणून सांगितलं होतं आणि दादा म्हणाला होता, "बघू." पुढे दर सणाला केतनने विचारलं. दर सणाला तिचं "नाय" आणि त्याचं "बघू" ठरलेलं. दादाच्या मनात काय आहे ते तिलाही कधी कळलं नसावं.

"संध्याकाळपर्यंत थांब," भावना केतनला म्हणाली.

"कशासाठी? एका माणसाचा जीव गेलाय, आत्या."

"म्हणूनच."

वहिनी गेल्यापासून घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. जिन्याला हात लावायला कुणाला उसंत नव्हती. म्हणजे ती पडली त्याच्या आधीच कुणीतरी हा गालिचा जागचा हलवला होता. आणि ही गोष्ट आजवर एकानेही उच्चारली नव्हती.

२

कमलेशचं दुकान बोईसर स्टेशनच्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी. दारात गालिच्यांच्या वळकट्या उभ्या होत्या आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं.

"बसा ताई. खुर्च्या काय, रिकाम्याच हायत," तो म्हणाला. चाळिशीचा, गोल तोंडाचा, बोलायला लागला की थांबायचं नाव न घेणारा. "केतनने ग्रुपवर माझा फोटो टाकला, बघितला ना? खाली लिहिलं, हा माणूस जीव घेतो. पालघरच्या हॉटेलवाल्याने लगेच फोन केला, काम राहू दे म्हनला. माझ्या बापाने याच दुकानात आयुष्य काढलं. आमी लोकांच्या पायाखाली राहतो ताई, जीव कसले घेतो!"

"वहिनीला कुठला माल दिलास?"

"लोकर आनि नायलॉन, मिसळ. खोटं वाटत असंल तर जाळून बघा."

"जाळूनच आलेय." गालिच्याच्या शेवटच्या टोकाची चार-दोन सुतं तिने सकाळी गॅसवर धरली होती. केस जळल्यासारखा वास आला आणि टोकाला एक बारीक टणक मणी उरला. लोकर आणि नायलॉन. लव आखूड, दाट, बोटावर वाकवली तरी बूड दिसत नव्हतं. माल चोख होता.

कमलेश हसला, पण डोळे ओले होते. "मावशीने घेतलाच कसा, ते ऐका. मी तिला जाड, मऊ, चकचकीत दाखवला. स्वस्त पन होता. ही बाई चप्पल काढून नमुन्यावर उभी राहिली! एकेकावर उभी राहायची, डोळं मिटायची, टाच दाबायची. म्हनलं, मावशी, देवळात आलात काय? म्हनली, गप रे मेल्या, मला पायाला विचारू दे. शेवटी हा निवडला. रंग तर बघितलाच नाय. म्हनली, वाजवी भाव सांग, एकदाच सांग, मी दुसरीकडं जानार नाय. मी एकदाच सांगितला. वाजवीच सांगितला, आईशप्पथ."

भावनाच्या डोळ्यांपुढे वहिनी आली. घिवलीच्या मच्छीमार घरातली, उभ्या जन्मात घरासाठी शोभेची वस्तू न घेतलेली बाई. अचानक गेल्या वर्षी जिन्याला गालिचा हवाच म्हणून हटून बसली होती. दादा म्हणाला होता, म्हातारपणी थेरं सुचली.

"चिकटवला का नाहीस? दांड्या कशाला?"

"मावशीनेच सांगितलं, काढून झटकता यायला पायजे. आनि ताई, जिन्यावर टिकाऊ पायजे तर दांड्याच. खालच्या पायरीमागं मी वीतभर जास्तीचं दुमडून ठेवतो. वरीस झालं की सगळा गालिचा वीतभर वर ओढायचा. कडेवर कोरा भाग येतो, झिजलेला आत जातो. दुप्पट वर्षं चालतो. माझं नुकसान हाय त्यात, पन बापाने शिकवलं तसं करतो."

सकाळी खालच्या पायरीमागे तिने हात घातला होता. दुमड रिकामी होती.

"हे तू घरात कुणाला सांगितलंस?" तिने विचारलं. उत्तर नको असल्यासारखा तिचा आवाज खाली आला.

"मावशी आत चहा टाकत होती," कमलेश म्हणाला. "एकनाथकाकांना सांगितलं."

३

परत येताना रिक्षात तिने स्वतःला समजावलं. दादा जन्मभर कारखान्यात फिटर होता. त्याने गालिचा ओढला असेल तर नीटच ओढला असेल. मग दांडी सुटली कशी? आणि नीट ताणलेल्या गालिच्यावरून, रोजच्या जिन्यावर, वहिनी पडली कशी?

माडीवरच्या खोलीत केतनची बायको उन्नती सासूचं कपाट आवरत होती. पलंगावर लुगडी, काचेच्या बांगड्या, एक जाळं विणायची सुई आणि निळ्या नायलॉन दोऱ्याची गुंडी.

केतन दारातून आत डोकावला. सुई पाहून थबकला. "ही कुठं होती? आई जाळ्याला बसून जमाना झाला." त्याने ती उचलली, अंगठ्याने पुसली. "घिवलीचे आजोबा दोराला गाठी मारायचे. काळोखात समुद्रात दोर सोडताना हाताला कळावं, किती गेला नि किती उरला. म्हणायचे, मोजणी चुकते, गाठ चुकत नाय." सुई जागेवर ठेवून तो घाईने निघून गेला. रडू कोंडल्यावर माणूस जातो तसा.

"उन्नती, त्या सकाळी तू इथंच होतीस ना?"

"हो, खालच्या खोलीत. आदल्या दिवशी आईंना घिवलीहून मीच घेऊन आले होते. धप्प आवाज आला, मी धावले. त्या..." तिने हाताने दाखवलं. "स्वयंपाकघराकडे तोंड करून, आडव्या. डोकं चौकटीच्या दगडावर लागलं होतं. पाण्याचा तांब्या पार आत गेला होता."

"पालथी की उताणी?"

"पालथ्या."

भावना थांबली. जिन्यावर जो घसरतो त्याचे पाय पुढे जातात. तो मागे पडतो, पाठीवर, जिन्याच्या रेषेत. वहिनी पुढे पडली होती, तीही डावीकडे, स्वयंपाकघराकडे वळून.

"खालची दांडी तेव्हा सुटलेली होती?"

"नाही, आत्या. चौघांनी आईंना चादरीतून उचललं ना, तेव्हा कुणाचा तरी पाय अडकला नि ती निघाली. मी यांना सांगितलं होतं. यांनी ऐकलंच नाही. यांना कुणीतरी दोषी हवाय." बोलता बोलता तिने कपाटाच्या कोपऱ्यातून काहीतरी छोटं उचललं आणि पटकन मुठीत धरलं.

"काय आहे ते?"

"डोळ्यांचे थेंब. माझे आहेत."

"सासूच्या लुगड्यांच्या घडीत?"

उन्नतीचा चेहरा उतरला. पालघरच्या आप्तांत हिच्याबद्दल हळूच बोललं जायचं की घर विकायची घाई हिलाच आहे, महिन्याआड सासूला गोड बोलून पालघरला नेते, कुणाला काही सांगत नाही. भावनानेही ते ऐकलं होतं, आणि खोडून काढलं नव्हतं.

"मी त्यांना वचन दिलंय, आत्या," उन्नती म्हणाली, आणि पलंगावर बसून लहान मुलीसारखी रडू लागली.

४

"काचबिंदू," ती रडू आवरत म्हणाली. "दोन वर्षं झाली. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे त्यांना. समोरचं स्वच्छ दिसायचं, सुईत दोरा ओवायच्या. पण कडेचं गेलं होतं, आणि खालचं. स्वतःचे पाय दिसत नव्हते त्यांना. म्हणायच्या, ह्यांना कळलं तर उद्याच घर विकतील नि मला तुमच्या चौथ्या मजल्यावर नेऊन बसवतील. मी समुद्राचा वास येतो तिथवरच जगणार गो. मी सांगायला हवं होतं ना?"

भावनाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग ती जिन्याच्या तोंडाशी गेली. चपला काढल्या, एक हात कठड्यावर ठेवला, डोळे मिटले आणि उतरू लागली.

पायांना सगळं कळत होतं. आखूड दाट लवेखाली पायरीची प्रत्येक कड स्वच्छ लागत होती. मऊ, जाड गालिच्यात ती बुडून गेली असती. वहिनीने पायाला विचारून घेतलं होतं ते याचसाठी. एक पायरी, आणखी एक. मग उजव्या पावलाच्या चवड्याखाली काहीतरी टोचलं. वाटाण्याएवढं, टणक.

खाली पोचलो, असं तिला वाटलं. म्हणजे तिला नाही, तिच्या पायाला. पुढचं पाऊल टाकलं, तेही टेकलं. आता लादी. कठडा सोडून स्वयंपाकघराकडे वळायचं.

तिने डोळे उघडले. ती शेवटच्या पायरीवर उभी होती. लादी अजून एक पायरी खाली होती.

मग गुडघे टेकून तिने तिथली दांडी सोडवली आणि गालिच्याखाली हात घातला. निळ्या नायलॉनची गाठ, जाळ्याला मारतात तशी, बुडाला घट्ट शिवलेली. आता ती शेवटून दुसऱ्या पायरीच्या कडेशी होती. भावनाने अंगठा आणि करंगळी ताणून तिथून खाली वीत धरली. करंगळी शेवटच्या पायरीच्या आतल्या बाजूला टेकली, उतरताना टाच जिथं येते नेमकी तिथं.

वहिनीने तिच्या बापाच्या दोरासारखी जिन्याला गाठ मारली होती. गाठ लागली की ही शेवटची पायरी, पुढे घर. वर्षभर ती बरोबर होती. मग कुणीतरी मायेने, काटकसरीने, कमलेशने सांगितलं होतं अगदी तसा, गालिचा वीतभर वर ओढला. आणि गाठ एक पायरी आधी आली.

सगळं जुळलं. प्रयोगशाळेत असं जुळलं की ती खाली सही करून कागद पुढे सरकवायची. इथं मात्र हात पुढे येईना. बोलावं तर दादाचं उरलेलं आयुष्य त्या एका वितीखाली जाईल. गप्प राहावं तर कमलेशचं.

खालच्या खोलीतून केतनचा आवाज आला, "आत्या, संध्याकाळ झाली!"

५

सगळे जिन्यापाशी आले. एकनाथ खुर्चीतून उठून कठड्याला धरून उभा राहिला.

"तक्रार देऊ नकोस, केतन," भावना म्हणाली. "माल चांगला आहे आणि भाव वाजवी होता. दांडी तुझ्या आईला उचलताना निघाली, उन्नतीने पाहिलंय. आणि कमलेशने गालिचा लावला होता तसा तो आता नाही. नंतर हलवलेला आहे."

"कुणी?"

भावनाच्या तोंडात ठरवलेलं वाक्य होतं, 'ते आता महत्त्वाचं नाही.' ते खोटं होतं, म्हणून जिभेवरून उतरत नव्हतं.

"मी," एकनाथ म्हणाला.

केतन वळला. "बाबा?"

"ती घिवलीला भावाकडं गेली होती. म्हनलं, येईल तवा जिना नवा दिसला पायजे तिला. दिवसभर बसून ओढला. एकेक दांडी काढली, पुसली, बसवली." तो समईकडेच बघून बोलत होता. "सांजचं ती आली. मी घरातले सगळे दिवे लावून ठेवले. ती कठडा धरून चढून गेली, काय बोलली नाय. ताटातला केस दिसायचा तिला, आनि माझा जिना दिसला नाय. मला राग आला. म्हातारपनी रुसलो, बघ. सकाळी ती उठली ती कळली मला. रोज म्हनायचो, सांभाळून उतर गो. त्या दिवशी झोपेचं सोंग घेतलं."

त्याने केतनच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"पोरगा कमलेशचं नाव घेत होता, आनि मी बघू बघू करत बसलो. त्याच्या पोटावर पाय येतोय ते दिसत होतं मला." त्याने भावनाकडे पाहिलं. "एक सांग, भावना. तुला कळतं त्यातलं. माझ्या हातून ढिला राहिला ना?"

"नाही, दादा. एक सूतभरही नाही. कमलेशपेक्षा घट्ट बसवलायस."

"मग?"

तो 'मग' इतका हळू होता की तिला खोटं बोलता आलं असतं. तिने त्याचा हात धरला, त्याला शेवटच्या पायऱ्यांपाशी खाली बसवलं आणि त्याची बोटं गालिच्याखाली नेली.

त्याला लगेच कळलं. लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं त्याने तिला ही गाठ मारताना पाहिलं होतं.

"ही तिची हाय," तो म्हणाला. मग, "ही हितं कशाला?"

उन्नतीने सांगितलं. डॉक्टर, थेंब, वचन, चौथा मजला. सासूचं बोलणं तिने शब्दाला शब्द सांगितलं, समुद्राच्या वासासकट. भावनाने उरलेलं सांगितलं, कमीत कमी शब्दांत. वीत कुठून कुठे गेली ते.

एकनाथने हात बाहेर काढला नाही. बोटं गाठीवरच होती.

"दिसत नव्हतं तिला," तो म्हणाला. "मी दिवे लावून बसलो होतो, आनि तिला दिसत नव्हतं. मला सांगितलं का नाय?" प्रश्न कुणाला होता ते कळत नव्हतं. मग त्याचं त्यालाच उत्तर सापडलं असावं, कारण तो म्हणाला, "मी बघू म्हनायचो. मी नाय म्हनलो असतो एकदा, तर तिने सांगितलं असतं."

केतनच्या हातातला कागद दुमडून दुमडून आगपेटीएवढा झाला होता. तो बापाच्या शेजारी पायरीवर बसला. "कमलेशकडे मी जातो. ग्रुपवरही लिहितो, माझी चूक झाली म्हणून." त्याने कागद खिशात कोंबला. "तुमचा दोष नाही, बाबा. कुणाचाच नाही. पण आता या जिन्यात एकटे नका राहू. पालघरला चला आमच्याकडे."

उन्नतीने मान खाली घातली. भावना त्या जुन्या शब्दाची वाट पाहत राहिली. बाहेर वारा फिरला होता आणि खिडकीतून खाडीचा, सुकत घातलेल्या बोंबलांचा खारट वास आत येत होता.

"कमलेशला घेऊनच ये," एकनाथ म्हणाला. "त्याच्या हातानं गालिचा वीतभर खाली घेऊ दे. गाठ तिच्या जागेवर येऊ दे."

"घेतो, बाबा. पण पालघरचं—"

"नाय," एकनाथ म्हणाला. "मी हे घर सोडनार नाय."